बाळ्याला, उशिराने

साखळी, गोवा
ऐन पावसात

प्रिय बाळ्या,

चवथीनंतर पत्र टाकतो म्हणालो होतो. कुठल्या चवथीनंतर, ते म्हणालो नव्हतो, एवढाच माझा बचाव. तब्येत ठीक. साखर आहे तिथेच आहे.

आपल्या शाळेने मला बोलावलं होतं, रे. दहावीच्या पोरांसमोर वीस मिनिटं बोलायला. हेडबाईंचा मेसेज : 'आपली व्यक्तिगत व व्यावसायिक वाटचाल सांगावी.' बायकोला वाचून दाखवला तर म्हणते, "वाटचाल? घसरगुंडी म्हणा." इस्त्रीचा शर्ट मात्र तिनेच काढून दिला.

बाळ्या, मी झकास बोललो. तिथेच सगळं बिघडलं.

लोहखनिजाच्या खाणीवरून जेटीपर्यंत टिपरच्या खेपा, तिथून बार्जने मांडवीतून मुरगाव, पुढे जहाजाने चीन, सगळं रंगवून सांगितलं. झाडांची पानंसुद्धा लाल असायची, हे पोरांना खरंच वाटेना. मग म्हणालो, "२०१२ साली खाणी बंद पडल्या. मी टिपर विकले, एसी-फ्रीजची दुरुस्ती शिकलो, आज दुकानात चार मुलं कामाला आहेत." झालं. मधली सहा वर्षं गिळून टाकली, ढेकरही दिला नाही.

१० सप्टेंबरला सरकारने खाणकाम थांबवलं तेव्हा चवथीला नऊ दिवस होते. आम्हाला काही वाटलंच नाही, पावसात टिपर तसेही उभेच असायचे. आम्ही गणपतीवरची फळांची माटोळी बांधत बसलो. ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने बंदी घातली, तरी नाक्यावर सगळे म्हणायचे, दोन महिन्यांत सुरू होतंय. २०१४ च्या एप्रिलात बंदी उठली तेव्हा मी टायर नवे घातले, तेही उधारीवर. २०१८ च्या फेब्रुवारीत कोर्टाने ८८ लीजचं नूतनीकरण रद्द केलं, तेव्हा कुठे माझं डोकं ठिकाणावर आलं. तोवर घर बायकोच्या पापड-लोणच्यावर चाललं आणि बँकेचे दोन हप्ते तू भरलेस. हे पोरांना कुठल्या तोंडाने सांगणार?

पण खरी चोरी पुढेच आहे. २०११ ची विठ्ठलापूरची चैत्रीची जत्रा आठव. तिसरा टिपर बुक करून मी पेढे घेऊन आलो होतो आणि वाळवंटी नदीच्या काठावर तू म्हणालास, "अरे गाढवा, डोंगर म्हणजे काय गाय आहे, रोज दूध द्यायला? कापून खाल्लास की संपला." मी पेढ्यांचा पुडा परत घेऊन गेलो आणि दीड वर्ष तुझ्याशी बोललो नाही.

ते वाक्य मी शाळेत म्हटलं, माझं म्हणून. "मी तर तेव्हाच मित्रांना सांगायचो..." टाळी पडली! 'गाढवा' तेवढं वगळलं होतं.

१९८९ च्या काल्याचं नाटक तसंच झालं होतं की. मी दुसरा अंक विसरलो, तू विंगेत पुस्तक घेऊन असा ओरडत होतास की पहिल्या तीन रांगांना ऐकू गेलं. आणि टाळी मला. मी दोन पानं गाळली, असं तू अजून सांगत सुटतोस.

शेवटी एक बारका पोरगा उठला. "काका, आमच्या माडाखाली मोडका टिपर आहे. पप्पा म्हणतात, तुमचा. आमच्या कोंबड्या त्यात अंडी घालतात." हशा. मीही हसलो. तो बसेना. "तुम्हाला आधीच कळलं होतं, तर तिसरा कशाला घेतलात?"

मी चष्मा पुसला. पुसून झाला तरी पोरगा उभाच. हेडबाईंनी घाईने नारळ हातात दिला म्हणून सुटलो.

लाज वाटली ती वाटली, पण झोप दुसऱ्याच गोष्टीने उडाली आहे. त्याच्या बापाने माझा टिपर सुट्या भागांसाठी घेतला होता, स्वतःचा चालू ठेवायला. तोही माझ्यासारखाच २०१८ पर्यंत वाट बघत बसला होता. आम्ही दोघं एकाच सोप्यावर बसून एकाच पेपरातली एकच बातमी वाचायचो. आता पोरगा घरी जाऊन काय म्हणणार? तो काका शहाणा, माझा बाप खुळा. एवढं करून ठेवलं मी, वीस मिनिटांत.

बापाला जाऊन भेटावं म्हणतो. दोनदा त्यांच्या घरावरून स्कूटर नेली. कोंबड्या दिसल्या.

आता हेडबाईंना तेच भाषण शाळेच्या अंकासाठी लिहून हवंय, शुक्रवारपर्यंत. लिहायचं तर सहा वर्षांसकट लिहीन म्हणतो. तुझं नाव घालू का? आणि 'गाढवा' ठेवू की काढू? फोन करू नकोस, फोनवर तू चिडतोस. लिही.

वहिनींच्या गुडघ्याचं काय झालं? पोरगी पुण्यात रुळली ना? आईला नमस्कार.

तुझाच,
पात्रांव

ता. क. दीडच पान होतं.