खार म्हणजे सरावाचं टार्गेट नाही

संपादक महोदय, स.न.वि.वि.

धनुष्यबाणानं खारी, ससे अशी बारीक शिकार करायचे व्हिडिओ हल्ली खूप फिरतात आणि त्यात ठरलेला सल्ला असतो की नवशिक्यानं आधी खारीवर हात साफ करावा, हरणाचं नंतर बघू. जिथं कायद्यानं परवानगी आहे, लायसन्स आहे, सीझन ठरलेला आहे तिथलंच बोलतोय मी, आणि शिकारीला सरसकट विरोध करायलाही हे पत्र लिहीत नाहीये. पण हा सल्ला साफ उलटा आहे हो.

हरणाची हृदय-फुप्फुसाची जागा चांगली २०-२५ सेंमी असते, खारीचं डोकं जेमतेम ३-४ सेंमी, आणि ते एका जागी राहतं कधी? रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढं वळलेल्या धनुष्याचा बाण सेकंदाला साधारण ५५ मीटर जातो, म्हणजे २० मीटर गाठायला ०.३६ सेकंद लागतात, आणि दोरीचा आवाज तेवढंच अंतर ०.०६ सेकंदात कापतो. म्हणजे बाण येईपर्यंत खारीला ०.३ सेकंद मिळाले, तेवढ्यात ती वळते किंवा उडी मारते आणि डोक्यावर धरलेला नेम पोटात नाहीतर मागच्या पायात बसतो. कंपाउंड बोचा, म्हणजे कप्प्या लावलेल्या धनुष्याचा बाण वेगवान असतो मान्य, पण आवाजाच्या पुढे तोही जात नाही. जखमी खार ढोलीत शिरली की संपलं, ती सापडतच नाही, आणि व्हिडिओत हे कोण दाखवणार!

बाणाच्या टोकाचं तर विचारूच नका. सरावाचं अणकुचीदार फील्ड पॉइंट लावलं तर बाण आरपार जातो, भोक बारीक पडतं आणि जनावर लगेच मरत नाही. म्हणून बोथट ब्लंट वापरतात, ते धक्क्यानं मारतं, पण कमी ताकदीच्या धनुष्यावर रबरी ब्लंट लावलं तर खारीसारखं चिवट जनावर नुसतं कळवळतं. शिवाय खार असते झाडावर, म्हणजे चुकलेला बाण आभाळात आणि खाली कुणावर पडेल सांगता येत नाही. त्यासाठी मोठ्या पिसांचे फ्लू-फ्लू बाण असतात, हवेत त्यांचा वेग लवकर मरतो, पण व्हिडिओवाले त्याचं नावही घेत नाहीत.

ब्रिटनचं बघा, तिथं करडी खार उत्तर अमेरिकेतून आणलेली, झाडांची साल सोलून नुकसान करते, तिला मारायला मनाई नाही. तरी १९८१ च्या वन्यजीव कायद्यानं तिथं कुठल्याही वन्य प्राण्याला धनुष्यानं मारायला बंदी आहे, त्यातून खारही सुटलेली नाही. मला वैयक्तिक ही बंदी थोडी जास्तच वाटते, मुरलेला तिरंदाज १० मीटरवर नीट काम करू शकतो, पण नवशिक्याचं काय?

आणि सरावच करायचाय ना, मग जंगलात कुजलेले ओंडके, मातीचे ढिगारे काय कमी आहेत? त्याला स्टंप शूटिंग म्हणतात, बाणाला जुडो पॉइंट नावाचं टोक लावायचं, त्याच्या स्प्रिंगच्या काड्या गवतात अडकतात म्हणून बाण हरवत नाही. दर वेळी अंतर वेगळं, चढ-उतार वेगळा, मोजून दिलेलं काहीच नाही, शिकारीत लागतं ते सगळं यात येतं. व्हिडिओवाल्यांनी एकदा हे दाखवावं.

आपला,
एक तिरंदाज वाचक