बाई, बुधवारच्या गटाकडून तुम्हाला सलाम

ख्रिस्तात प्रिय बाई,
सप्रेम सलाम.

तुम्ही लेकीकडे राहायला गेलात, आणि जाताना हार-शाल नको म्हणालात, त्यामुळे आभार मानायचे राहून गेले. ते या पत्रातून मानतो आहोत. पत्र उघडं लिहितो आहोत, कारण मनातल्या हेव्यावर बोलायला आणि प्रार्थना करायला बुधवारचा जो गट तुम्ही इथे बसवून दिलात, तो दुसऱ्या मंडळ्यांनाही, म्हणजे चर्चच्या इतर समाजांनाही, उचलता येण्यासारखा आहे.

हेवा करू नये हे आम्हा सगळ्यांना संडेस्कूलपासून पाठ. दहावी आज्ञा कुणाला येत नाही? पण पाठ असण्याचा एक तोटा होतो. ज्याच्या मनात तुलना चालू असते तो लाजून ती आणखी खोल दडवतो. तुम्ही सुरुवात वेगळ्या ठिकाणाहून केलीत. बायबलमधलं १ करिंथ १२ काढलंत, जिथे मंडळीला एका शरीराची उपमा दिली आहे, आणि विचारलंत, पाय स्वतःला कुणाशी ताडून पाहतो? हाताशी. आणि कान? डोळ्याशी. पाय डोळ्याच्या वाटेला जातच नाही. माणसाचंही तेच. टीव्हीवरच्या बंगल्याने कुणाची झोप उडत नाही. ती उडते जावेच्या फ्लॅटने, चुलतभावाच्या कॅनडाच्या व्हिसाने, पुढच्या बाकावरच्या मुलीला आलेल्या स्थळाने. तुलना जवळच्याशी होते, आणि मंडळीत तर सगळेच जवळचे. म्हणून त्यावरचं कामही मंडळीतच व्हायला हवं, हा तुमचा आग्रह.

गटाची घडी तुम्ही अशी बसवलीत. बुधवारी संध्याकाळी सात ते सव्वाआठ. माणसं सहा, फार तर आठ, कारण त्याच्या वर गेलं की तिघं बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. एक गीत, वीस मिनिटं वचन, मग प्रत्येकाला पाच मिनिटं, शेवटी प्रार्थना. बोलायचं ते तीनच गोष्टींवर: काय पाहिलं, कुठं लागलं, भीती कशाची वाटली. ज्याच्याबद्दल मनात आलं त्याचं नाव घ्यायचं नाही. नाव आलं की कबुलीची चहाडी होते. आणि गाव लहान, नावाशिवायही माणूस ओळखू येणार असेल, तर ती गोष्ट गटात आणायचीच नाही. ती तुमच्या स्वयंपाकघरात, एकट्या तुमच्यापाशी.

या तिन्हींत भीतीचा प्रश्न सगळ्यात कामाचा. "तिच्या मुलाला नोकरी लागली" हे झालं पाहिलेलं. "माझा अजून घरीच आहे" हे लागलेलं. भीती मात्र तिसरीच निघते: "म्हातारपणी मला कोण बघणार?" ती एकदा तोंडातून बाहेर पडली की गटाला तिच्यासाठी प्रार्थना करता येते, कधी नुसता हातही धरता येतो. ती आतच राहिली तर "प्रभू, माझ्या मनातला हेवा काढ" असं वर्षानुवर्षं म्हणत राहिलं तरी खालचं मूळ तसंच राहतं.

ऐकणाऱ्यांसाठी तुमचा नियम कडक होता. सल्ला नाही, आणि एक वाक्य तर अजिबात नाही: "अगं, तुझं किती बरं आहे, त्या अमकीकडे बघ, तिला तेवढंही नाही." हे सगळ्यांच्या तोंडी बसलेलं, मायेनेच म्हटलेलं वाक्य. लूक १८ मधला परूशी, म्हणजे धर्माचे नियम कडक पाळणारा माणूस, मंदिरात उभा राहून नेमकं हेच म्हणतो, हे तुम्ही दाखवलंत. मी इतरांसारखा नाही, या जकातदारासारखाही नाही. वर बघून जळणं आणि खाली बघून निवणं, दोन्हीकडे मोजपट्टी एकच. शिवाय ज्या अमकीकडे बघायला सांगतात तिचं दुःख आपण आपल्या समाधानाला टेकू म्हणून वापरतो. पुष्कळ प्रार्थनासभा इथेच घसरतात, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

मग घरी करायचा अभ्यास. जिच्याबद्दल मनात खुपतं तिच्यासाठी तीस दिवस, रोज दोन वाक्यं प्रार्थना. जे खुपतं तेच तिच्याकडे वाढो, असं मागायचं. घर खुपत असेल तर त्या घरात शांती राहो, कर्जाचे हप्ते वेळेवर फिटोत. चौथ्या-पाचव्या दिवशी शब्द घशात अडकतात आणि बहुतेक जण तिथेच सोडतात. त्यावर तुमचं उत्तर साधं होतं: भावना येवो न येवो, दोन वाक्यं म्हणायची आणि उठायचं. दुसरी अडचण जास्त लबाड. प्रार्थना हळूच फिरते आणि "प्रभू, तिला नम्र कर" होते. तो शब्द तुम्ही बंद करून टाकलात. नम्रता फक्त स्वतःसाठी मागायची.

रोम १२:१५ मध्ये आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद आधी येतो आणि रडणं नंतर, याकडे तुम्ही वारंवार बोट दाखवत होता. मयताला सगळे जातात. पेढे द्यायला कुणी आलं की मात्र तोंड कोरडं पडतं. म्हणून रीत घालून दिलीत: बातमी कळल्यापासून दोन दिवसांच्या आत त्या घरी जायचं, पंधरा मिनिटं बसायचं, त्या आनंदाबद्दल एक खरा प्रश्न विचारायचा आणि स्वतःच्या मुलांचा विषय काढायचा नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फुलांचा गुच्छ पाठवणं हे जाणं नव्हे, हेही स्पष्ट सांगितलंत.

जुन्या आणि नव्या घरांचा प्रश्न तुम्ही ज्या धीराने हाताळलात, त्यासाठी वेगळे आभार. कुणाचे पणजोबा मिशनच्या बंगल्यात वाढले, कुणाचा बाप्तिस्मा परवा झाला, ही आपल्याकडची सगळ्यात जुनी तुलना. मत्तय २० मधल्या द्राक्षमळ्यात मालक दिवसभर राबलेल्यांना आणि संध्याकाळी पाचला आलेल्यांना सारखाच एक दिनार मजुरी देतो, आणि मुद्दाम शेवटी आलेल्यांना आधी देतो. पहिल्यांना आधी दिली असती तर ते ठरलेला दिनार घेऊन खुशीत घरी गेले असते. त्यांना थांबून बघायला लागलं, म्हणून ते कुरकुरले. दिनार तेवढाच होता. हे समजावून झाल्यावर तुम्ही तारखा मांडल्यात: अमेरिकन मराठी मिशन मुंबईत आलं १८१३ साली, नगरला १८३१ साली, आणि जिल्ह्यातली पुष्कळ घरं ख्रिस्ताकडे आली ती १८७६–७८ च्या दुष्काळानंतर. प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांच्या, काळापासून मोजलं तर आपण सगळेच संध्याकाळी पाचला मळ्यात शिरलेले.

एक भेद तुम्ही केला नसता तर हा सगळा प्रयोग घातक ठरला असता. सारख्या कामाला कमी पगार, किंवा वाटणीत बहिणीला डावलणं, याची तक्रार म्हणजे हेवा नव्हे. याकोब ५ मध्ये अडवून ठेवलेली मजुरी ओरडते, आणि प्रभू ते ओरडणं ऐकतो. अशा माणसाला समाधानाची वचनं सांगून गप्प करायचं नाही, त्याच्याबरोबर कचेरीत जायचं. तसंच ज्याची झोप आठवडेच्या आठवडे गेली आहे, जेवण सुटलं आहे, किंवा जगण्याचा कंटाळा आल्याचं जो बोलतो, त्याला त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्यायचं. प्रार्थना चालू ठेवायची, पण डॉक्टरांच्या जागी नाही.

मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचकमिटीला तुम्ही जे पटवलंत ते तर आम्हाला अशक्य वाटत होतं. कापणीच्या सणाला कुणी किती दिलं हे पुलपिटावरून, म्हणजे उपदेशाच्या जागेवरून, वाचणं थांबलं, आता फक्त एकूण रक्कम वाचतात. अर्पण आलेल्या मालाच्या लिलावात भोपळ्याची बोली चढते ती चढो, पण घेणाऱ्याचं नाव माइकवर पुकारत नाहीत. रक्कम थोडी घटेल ही भीती खरी आहे, आणि ती आधीच हिशेबात धरायची असं तुम्ही खजिनदारांना सांगून ठेवलंत. घरोघरच्या प्रार्थनासभेला फक्त चहा. पोहे निघाले की पुढच्या घरी वडे निघतात, त्याच्या पुढच्या घरी केक, आणि मग ज्याला झेपत नाही तो सभा घरी घ्यायचंच टाळतो. साक्ष देताना, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढे सांगताना, मिळालेल्या आशीर्वादाबरोबर अजून न मिळालेलं एक तरी सांगायचं. त्याने साक्षी लहान झाल्या, आणि खऱ्याही.

तुलना परत येते, हे तुम्ही पहिल्याच बुधवारी सांगून ठेवलं होतंत. योहान २१ मध्ये पेत्राला प्रभूने नुकतंच तीनदा विचारून आपलं काम सोपवलेलं असतं, आणि लगेच तो मागे वळून दुसऱ्या एका शिष्याबद्दल विचारतो, "याचं काय?" त्यावर प्रभू त्याला हाकलत नाही, पुन्हा आपल्यामागे यायला सांगतो. तुम्ही दर खेपेला स्वतः आधी बोलत होता, म्हणून बाकीच्यांना बोलता आलं. बोललेलं सगळं गटातच आहे.

दहावी-बारावीचा निकाल लागला की होणाऱ्या सत्काराची यादी केली आहे. परीक्षेला बसलेलं प्रत्येक मूल तीत आहे, नापास होणारंही आणि आयटीआयला जाणारंही. सगळ्यांना एकसारखं पेन. वहीत रकाने आखले आहेत: नाव, शाळा, आईवडील, कशासाठी प्रार्थना हवी. टक्क्यांचा रकाना ठेवलेला नाही.

तुमचे,
बुधवारच्या गटातले सगळे