मिस्त्रीकाका, तो टॉर्च माझ्या हातात दिलात म्हणून

मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. न विचारता लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, आणि वाचाल तेव्हा हे तुमच्यासाठीच आहे हे तुम्हाला कळेलच. गेल्या जुलैत वागळे इस्टेटमधल्या तुमच्या गॅरेजच्या पत्र्यावर पाऊस ताडताड वाजत होता, तेव्हा एक चंदेरी गाडी दारात येऊन थांबली. चालवत होता गाड्यांच्या दलालाचा पोरगा. शेजारी बसलेली बाई खाली उतरली आणि उतरल्या उतरल्या तिने विचारलं, "ही घेऊ का?" ती मी.

तुमच्याकडे येईपर्यंत मला दोन महिने झाले होते गाडी शोधताना. कंपनीने ठाण्याची बस बंद केली आणि मानपाडा ते तळोजा एमआयडीसी रोज स्वतःच्या जिवावर जायची वेळ आली. कापूरबावडी, कळवा, विटावा, मग ठाणे-बेलापूर रस्त्याने महापे, पुढे शिळफाटा. येऊन-जाऊन 70 किलोमीटर, महिन्याचे 1,800. सकाळची पाळी असेल तर ट्रेनने कसंतरी जमतं. दुसरी पाळी रात्री 11 वाजता सुटते. त्या वेळी तळोज्याहून स्टेशनपर्यंत रिक्षा मिळवणं काय असतं, ते तिथे नोकरी करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा.

त्या दोन महिन्यांत मी किती दुकानांच्या पायऱ्या चढले! एका शोरूममध्ये पहिला प्रश्न आला, "साहेब नाही आले?" सोबत माझा दीर होता. पुढचा पाऊण तास सगळी माहिती त्यालाच सांगितली गेली. पैसे माझे, रोजचा रस्ता माझा, रात्री 11 नंतर शिळफाट्यावर गाडी बंद पडली तर उभी राहणार मी. मायलेजचं विचारलं तर छापील कागद पुढे केला. त्यावरचा आकडा एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीचा होता. ती चाचणी प्रयोगशाळेत, रोलरवर चाके फिरवून होते. त्या रोलरवर घोडबंदर रोडचं ट्रॅफिक नसतं, एवढं मलाही कळत होतं. "पण प्रत्यक्षात किती देईल?" हे मी तीनदा विचारलं. तीनही वेळा उत्तर दिराकडे बघून आलं, आणि ते उत्तरही नव्हतं.

मी औषधी कच्च्या मालाच्या तपासणी विभागात काम करते, काका. दिवसभर दुसऱ्यांच्या मालातले दोष शोधते. माझी सही नसेल तर पिंप दारातून बाहेर जात नाही. आणि आयुष्यातल्या सगळ्यात महागड्या खरेदीत मला कोणी काही बघूच देत नव्हतं. जो तो सांगत होता, "विश्वास ठेवा मॅडम."

त्या चंदेरी गाडीसाठी मी 11 हजार रुपये टोकनही देऊन बसले होते. एकच मालक, 32 हजार किलोमीटर, आतून चकचकीत. तुम्ही बॉनेट उघडलंत, थोडा वेळ बघितलंत, काहीच बोलला नाहीत. मग ड्रायव्हरच्या सीटजवळ वाकलात आणि सीटबेल्टचा पट्टा ओढायला लागलात. आपण लावताना ओढतो तेवढा नाही, पार शेवटपर्यंत, पुढे येईना तोवर. मग मागे सरकलात, हात फडक्याला पुसलेत, टॉर्च माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "ताई, तुम्ही बघा. मी सांगतो म्हणून मानू नका."

हे पत्र त्या एका वाक्यासाठी आहे.

मी बघितलं. पट्ट्याच्या शेवटच्या वीतभर भागावर मातकट रेघ होती. तुम्ही म्हणालात, वास घ्या. घेतला. पावसाळ्यात घरात पाणी शिरून ओसरल्यावर गाद्यांना येतो, अगदी तोच. मग टॉर्च सीटखाली धरायला सांगितलंत. सीट ज्या पट्ट्यांवर सरकते त्यांचे बोल्ट गंजलेले, आणि गालिचा उचलला तर कोपऱ्यात वाळलेला गाळ. ब्रेकच्या पायपट्टीवरचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं. "32 हजारात एवढं झिजतं का, तुम्हीच सांगा," असं तुम्ही विचारलंत. निकाल तुम्ही दिला नाहीत. तो माझ्याच तोंडून निघाला: "ही पाण्यात बुडालेली गाडी आहे."

नंतर तुम्ही समजावलंत की बुडालेली गाडी सुकवली की सुरू होते, छान पळतेही. पण वायरींच्या जोडांत शिरलेला ओलावा महिनोन्‌महिने आतल्या आत तांबं खात राहतो, आणि मग कुठल्या दिवशी काय बंद पडेल याचा नेम नसतो. "मायलेजचं नंतर बघू, आधी घरी पोचवणारी पाहिजे." दलालाचा पोरगा तिथेच उभा होता, तरी तुम्ही आवाज चढवला नाहीत की त्याला चार शब्द सुनावले नाहीत.

ते 11 हजार परत मिळाले नाहीत. अजून राग येतो. कष्टाचे पैसे होते, आणि गाडीची खरी हकीकत माहीत असणाऱ्या माणसांनी ते घेतले होते.

तुम्ही तपासणीचे 500 रुपये घेतलेत तेही मला फार आवडलं. उपकार झाले असते तर दुसऱ्यांदा यायला मी कचरले असते. पैसे दिले होते म्हणून हक्काने आले, वहीत प्रश्न लिहून आले, आणि तुम्ही एकेकाचं सरळ उत्तर दिलंत. डिझेलचं विचारलं तेव्हा म्हणालात, "तुमचं अंतर हायवेचं आहे ताई, पण वेग बैलगाडीचा." नव्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी धरून ठेवणारी गाळणी असते. ती जळून साफ व्हायला गाडी सलग, जरा वेगात पळावी लागते. कापूरबावडीला अर्धा तास रांगत गेलं की ती तुंबायला लागते. हायब्रिडबद्दल, म्हणजे पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणाऱ्या गाडीबद्दल, म्हणालात, ट्रॅफिकमध्ये त्यासारखं काही नाही, हळू चालताना बॅटरीवरच सरकते, हातात पैसे असते तर तीच घ्या म्हणालो असतो. माझ्या हातात नव्हते, आणि कर्ज वाढवून घ्या असं तुम्ही एकदाही सुचवलं नाहीत.

मग सीएनजीचा हिशेब माझ्याच वहीत, माझ्याकडूनच मांडून घेतलात. पेट्रोलवर लिटरला 17 किलोमीटर धरले तर महिन्याला 106 लिटर, म्हणजे 11 हजारांच्या आसपास. गॅसवर किलोला 24 धरले तर 75 किलो, म्हणजे 6 हजारांच्या आत-बाहेर. आणि लगेच त्याची दुसरी बाजूही सांगितलीत: डिकी जाते, चढाला जोर कमी पडतो, दर तिसऱ्या दिवशी पंपावर रांग लावावी लागते, सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी करावीच लागते. विकणाऱ्यांपैकी एकानेही हे सांगितलं नव्हतं. गॅस दुसऱ्या पाळीनंतर रात्री भरा, रांग कमी असते, हेही तुमचंच.

ऐरोलीला 2020 ची वॅगन आर मिळाली, कंपनीनेच सीएनजी बसवलेली, आरसी बुकावर तशी नोंद असलेली. तुम्ही सोबत आलात, पण टॉर्च सुरुवातीपासून माझ्याच हातात होता. पट्टा मी ओढला. टायरवरचा चार आकड्यांचा शिक्का, कितवा आठवडा आणि कुठलं वर्ष, मी वाचला. सिलिंडरच्या चाचणीची मुदत उलटून गेली आहे हे मला दिसलं आणि त्यावरून किंमतही मीच कमी करून घेतली. तुम्ही हात मागे बांधून उभे होतात. विकणाऱ्या गृहस्थांनी तुमच्याकडे बघून काही विचारलं की तुम्ही माझ्याकडे बोट दाखवत होतात.

आठ महिने झाले. 14 हजार किलोमीटर. प्रत्येक वेळी भरलेला गॅस मी वहीत लिहिते. किलोला 24 ते 25 पडतात, पावसात आणि एसी लावला की थोडे कमी. तुम्ही सांगितलं तसं दर पंधरवड्याला सकाळी टायर थंड असताना हवा बघते, पेट्रोलची टाकी रिकामी होऊ देत नाही. एकदाही रस्त्यात उभी राहिले नाही. आई आता रात्री पावणेबारापर्यंत खिडकीत बसत नाही.

चांगली माणसं कमी झाली असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. रात्री पंपावर गॅस भरताना सगळ्यांना खाली उतरावं लागतं. तिथला मुलगा पाऊस असला की "मॅडम, इकडे छपराखाली या" म्हणतो आणि माझी गाडी झाली की हाक मारतो. आमच्या कंपनीचा रात्रीचा रखवालदार माझी गाडी फाटकाबाहेर वळेपर्यंत बाहेर उभा असतो. ही माणसं कुणाच्या मोजदादीत नाहीत, पण माझ्यासारख्या कितीतरी जणी रोज त्यांच्या भरवशावर घरी पोचतात. आणि तुम्ही त्याच्याही पुढे गेलात. काळजी तर घेतलीतच, पण मला कळतं, मला दिसतं, हे धरून चाललात. माझ्या वडिलांनंतर असं वागणारं माणूस मला गाड्यांच्या दुनियेत तरी दुसरं भेटलं नाही.

शनिवारी मला सुट्टी आहे, सकाळी 10 वाजता सर्व्हिसिंगला येते. प्लग बदलायचे आहेत. शिवाय खड्ड्यातून जाताना मागच्या डाव्या चाकाकडून ठकठक ऐकू येते. मी खाली वाकून टॉर्चने बघून ठेवलं आहे. मला काय वाटतं ते आधी सांगेन, मग तुम्ही बघा.

तुमची,
मानपाड्याची वॅगन आरवाली ताई