औंधच्या राजाविषयी, तुझ्या पत्राच्या निमित्ताने

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. राजाने आपणहून दिलेले अधिकार म्हणजे प्रजेच्या पदरात टाकलेली भीकच, असे तू लिहिलेस. औंध संस्थानाकडे पाहता मला ते पटत नाही.

सातारा, सोलापूर आणि विजापूरच्या मुलखात विखुरलेल्या या लहानशा संस्थानाचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली, गांधीजींच्या सल्ल्याने तयार झालेली राज्यघटना लागू करून, कारभार ग्रामपंचायतींपासून वर जाणाऱ्या लोकनियुक्त सभांकडे सोपवला. ज्या चावडीत कुळवाड्याने पाटील-कुलकर्ण्यांसमोर हात जोडून उभे राहायचे, तिथेच पंच म्हणून बसून रस्त्याचा, शाळेचा, भाऊबंदकीच्या तंट्याचा निर्णय देण्याचा हक्क त्याला मिळाला. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले गेले आणि खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी तिथे तटबंदीविना, बायकामुलांसह शेती करून राहू लागले. भिकेत एवढा विश्वास नसतो, असे मी ठामपणे म्हणेन.

खरी कसोटी लागली ती १९४२ नंतर. नाना पाटलांच्या प्रतिसरकारातील, म्हणजे इंग्रजांना न जुमानता साताऱ्याकडे चालवलेल्या समांतर सरकारातील, बहुतेक कार्यकर्ते शेतकऱ्यांची पोरे, तर औंधचे राजघराणे देशस्थ ब्राह्मणांचे. तरीही ज्या कुंडलने प्रतिसरकारला जी. डी. लाड यांच्यासारखे लढवय्ये दिले, ते गाव औंध संस्थानातलेच होते, आणि इंग्रजी हद्दीत पोलीस मागे लागले की भूमिगतांना संस्थानी हद्दीचा आडोसा मिळे. इंग्रज सरकारच्या मर्जीवर ज्याची गादी, त्या राजाच्या मुलखात हे घडत होते. जात आणि पायरी वेगळी असूनही दोघांची निष्ठा एका जागी मिळाली होती.

पण तुझ्या म्हणण्यातला एक भाग मला नाकारता येत नाही. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये याच साताऱ्याच्या बाजूला ब्राह्मणांची घरे पेटली. सावकारी आणि वतने यांचा पिढ्यान्पिढ्यांचा राग नऊ वर्षांच्या पंचायतींनी निवला नव्हता. निरपराध माणसे मात्र त्यात होरपळली, याचे मला आजही फार दुःख होते. त्याच वर्षी संस्थान विलीन झाले आणि तो प्रयोगही तिथेच थांबला.

कुंडल-आटपाडीकडे तुझी ओळख आहे. तिथे कुणाच्या घरी त्या काळच्या पंचायतीचे दप्तर असेल तर चौकशी कर. निवडून आलेल्या पंचांत महारवाड्यातले, मांगवाड्यातले किती होते, हे पाहिल्यावाचून या राजाविषयीचे माझे मत मी पक्के करणार नाही.

तुझा स्नेही