डायलिसिस फुकट देता, मग लघवीची तपासणी का नाही? आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य
स.न.वि.वि.

पत्र लिहिण्यास कारण की, आमच्या इथल्या सरकारी दवाखान्यात लघवीची एसीआर तपासणी, म्हणजे किडनीतून अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन लघवीत किती गळतंय ते बघायची तपासणी, बंद आहे. गाव आणि दवाखान्याचं नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण लिहिलं की वरून चौकशी लागेल आणि त्यात बदली होईल ती बिचाऱ्या लॅबवाल्या पोराची, आणि तोच एक तिथं वेळेवर येतो. खारपाणपट्टा, जिथं जमिनीतलं पाणीच खारं, म्हटलं की तुम्हाला कळेल, अकोला, अमरावती, बुलढाणा, पूर्णेच्या खोऱ्यातली कुठलीही बाजू धरा.

मागच्या वर्षी आमच्याकडं आरोग्य शिबिर झालं. मंडप, हार-तुरे, आणि स्टेजवरून माईकमध्ये जाहीर झालं की शुगर-बीपीच्या प्रत्येक पेशंटची किडनीची लघवी तपासणी इथंच होणार, मोफत, दर सहा महिन्यांनी. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. या सोमवारी यांना घेऊन गेले तर खिडकीच्या काचेवर जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं निळ्या पेनानं लिहिलेलं, ‘एसीआर होत नाही’. विचारलं तर पोरगा म्हणे, ताई किट आलीच नाही, बाहेरून करून घ्या. बाहेरून म्हणजे खासगी लॅब, पाचसहाशे रुपये, आणि जाण्यायेण्याचं भाडं वेगळं.

आता तुम्ही म्हणाल एवढ्याशा तपासणीसाठी मंत्र्याला पत्र? हो साहेब, एवढ्याशाच तपासणीसाठी, कारण तिच्यापायी माझ्या घरात काय झालं ते सांगते.

माझ्या मिस्टरांना शुगर बारा वर्षांपासून, बीपी नंतर आलं. दर वेळी रक्ताचं क्रिएटिनिन काढायचे, म्हणजे किडनीनं बाहेर टाकायचा कचरा रक्तात किती साठलाय ते, 1.1 यायचं, डॉक्टर म्हणायचे किडनी एकदम बेस्ट. आणि घरी मी बघत होते की लघवीला फेस येतोय, संध्याकाळी मोजे काढले की पायावर खळगा पडतोय, बोट दाबलं की तसाच राहतो. यांना म्हटलं की यांचं ठरलेलं, ‘काही होत नाही ओ मले.’ शेवटी भांडून मोठ्या शहरात नेलं तेव्हा किडनीच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा एसीआर काढला. 640 आला. तीसच्या आत पाहिजे. तीस ते तीनशे म्हणजे सावध व्हा, तीनशेच्या वर म्हणजे गळती जोरात आहे. तेव्हाच त्यांनी सांगितलं की क्रिएटिनिन फार उशिरा वाढतं, अर्धी किडनी कामातून गेली तरी रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल दिसू शकतो, लघवीतलं प्रोटीन मात्र त्याच्या कितीतरी आधी बोलायला लागतं. आणि शुगरवाल्याची ही तपासणी वर्षातून एकदा तरी व्हायलाच पाहिजे असा नियम जगभर आहे. आमची त्याआधी कधीच झाली नव्हती. सरकारीत झाली ती पट्टीवाली, बाटलीवरच्या हिरव्या रंगांच्या चौकोनाशी ट्यूबलाइटखाली जुळवून बघायचं आणि लिहायचं ‘ट्रेस’ नाहीतर ‘निल’. माणूस दोन तांबे पाणी पिऊन गेला की लघवी पातळ होते आणि पट्टी साफ दिसते. एसीआरमध्ये अल्ब्युमिनला लघवीतल्याच क्रिएटिनिननं भागतात म्हणून पाणी जास्त प्या की कमी, फार फरक पडत नाही. मी दहावी शिकलेली बाई, मला हे एका भेटीत कळलं.

गोळ्या सुरू झाल्या. एक बीपीची टेल्मिसार्टन आणि एक शुगरची, पण किडनीलाही जपणारी डापाग्लिफ्लोझिन. तीन महिन्यांनी परत एसीआर केला, 380. डॉक्टर खुश, म्हणाले तीस टक्क्यांच्या वर उतरला म्हणजे औषध लागू पडलंय, असंच चालू ठेवा, तपासत राहा. आणि मंत्री साहेब, माझ्या मते खरी गोष्ट इथं आहे. ही तपासणी नुसती रोग आहे का सांगत नाही, औषध काम करतंय का तेही सांगते. प्रोटीन उतरत नसेल तर डोस वाढवता येतो, दुसरी गोळी जोडता येते, फिनेरेनोनसारखं नवीन औषध विचारता येतं. तपासायचंच नाही म्हटल्यावर डॉक्टरांनी काय, अंगात येऊन गोळी लिहायची?

पुढं काय झालं, त्या वर्षी कापसाला भाव नाही, पोरीची फी, आणि शिबिरात जाहीर झालेलं की इथंच होणार, म्हणून आम्ही बाहेर पैसे घातले नाहीत, थांबलो. मध्ये क्रिएटिनिन 1.6 चं 1.8 झालं तर इथल्या एका डॉक्टरांनी घाबरून टेल्मिसार्टनच बंद केली. या गोळीनं क्रिएटिनिन थोडं वर जातं, तीस टक्क्यांपर्यंत चालवून घेतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा सोबत एसीआरचा आकडा असता तर कुणीतरी म्हटलं असतं की थांबा, फायदा होतोय, गोळी तोडू नका. आकडा नव्हता. आज यांचा एसीआर 2100 आहे, क्रिएटिनिन 3.4, जीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते तो आकडा, वीसवर आलाय. कॅनडातल्या डॉक्टरांनी 2011 साली एक फॉर्म्युला काढलाय, वय, बाई का पुरुष, जीएफआर आणि एसीआर, चार गोष्टी टाकल्या की दोन वर्षांत आणि पाच वर्षांत किडनी फेल व्हायचा धोका किती ते टक्क्यांत येतं. आमच्या डॉक्टरांनी मोबाईलवर ते आकडे टाकले, बघितलं, आणि मोबाईल टेबलावर पालथा ठेवून मला म्हणाले, फिश्चुला करून घेऊ, म्हणजे डायलिसिसची सुई टोचायला हातातली शीर जोडून ठेवायचं ऑपरेशन.

डायलिसिस म्हणजे काय असतं ते मला नका शिकवू. सासऱ्यांचं केलंय मी. पहाटेची एसटी, चार तास मशीनवर, येताना उलट्या, डाव्या हातावरचा फिश्चुला, ज्याच्यावर हात ठेवला की आतून घुरघुर लागते आणि त्या हातानं साधी बादली उचलायची नाही. पाण्याचा पेला मोजून, उन्हाळ्यात, आमच्या उन्हाळ्यात साहेब, मंत्रालयातल्या एसीतल्या नाही. म्हातारा माणूस घडीभर माठाकडं बघत बसायचा आणि मला माठ आतल्या खोलीत हलवावा लागला. आता नवऱ्याच्या वेळी परत तेच करायचंय आणि पोरगी बारावीला.

बरं, पैसे नाहीत म्हणावं तर डायलिसिसला आहेत. 2016 च्या केंद्राच्या बजेटमध्येच सांगितलं होतं की देशात दरवर्षी 2.2 लाख नवीन लोकांची किडनी पूर्ण फेल होते, एका डायलिसिसला दोन हजार लागतात, वर्षाचे तीन लाखांच्या वर. त्यावरच राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम निघाला, चांगलंच झालं, गरीब माणूस जगला. महात्मा फुले योजनेत पण डायलिसिस बसतं, कव्हर पाच लाख केलं, किडनी ट्रान्सप्लांटला साडेचार लाख. मग माझा ढोबळ हिशोब बघा, एका माणसाच्या वर्षभराच्या डायलिसिसचे तीन लाख आणि बाहेरच्या दरानं एक एसीआर सहाशेला धरली तर पाचशे लोकांची तपासणी होते, आणि सरकार घाऊक घेईल तर दुप्पट लोकांची होईल. त्या पाचशेतले दोघं जरी दोन वर्षं मशीनपासून लांब राहिले तरी पैसे वसूल आहेत का नाहीत? तुमच्याकडं एवढे आयएएस, कुणी केला का हा हिशोब? कडब्याची गंजी पेटली की बंब फुकट पाठवायचा, पण धूर दिसतोय म्हणून कुणी ओरडलं तर म्हणायचं बाहेरून विझवून घ्या.

आणि औषधं आता महागही राहिली नाहीत, हा बहाणा पण संपला. डापाग्लिफ्लोझिनचं पहिलं पेटंट 2020 मध्ये संपलं, दुसरं 2023 मध्ये, त्याच जातीतल्या एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च 2025 मध्ये, साठच्या आसपासची गोळी दहाच्या आत यायला लागली. म्हणजे औषध स्वस्त, तपासणी स्वस्त, फक्त दोघांची गाठ घालून द्यायला कुणी नाही. कारण एसीआरच्या किटचं उद्घाटन होत नाही ना. मशीनची फीत कापता येते, फोटो निघतो, लघवीच्या बाटलीसोबत कोण फोटो काढणार.

खारपाणपट्ट्याची गोष्ट तर अजून वेगळी. इथं शेतमजुरी करणारी सडपातळ माणसं आहेत, ना शुगर ना बीपी, पट्टी साफ, आणि एक दिवस क्रिएटिनिन सहा निघतं. शेजारच्या गल्लीतलाच एक, चाळिशीचा नाही. अशा आजारात खराबी किडनीच्या बारीक नळ्यांत असते म्हणे, त्यामुळं अल्ब्युमिन लवकर सांडत नाही, अल्फा-1 मायक्रोग्लोब्युलिन, बीटा-2 मायक्रोग्लोब्युलिन अशी छोटी प्रोटीनं आधी सांडतात. श्रीलंकेत, आंध्रात उद्दानमला असाच आजार आहे. आंध्रवाल्यांनी पलासाला 2023 च्या डिसेंबरात 200 खाटांचं किडनी हॉस्पिटल आणि रिसर्च सेंटर उघडलं, सोबत 700 कोटींची पाण्याची योजना. उशीर त्यांनीही केला, पण केलं. आमच्याकडं काय होतं? पेपरात बातमी आली की पथक येतं, पाण्याच्या बाटल्या भरून नेतं, रिपोर्ट काय आला ते पथकालाच माहिती.

माझा भाचा लॅबचा कोर्स करतो, तो सांगतो की युरोपात लघवीतल्या 273 पेप्टाइडवरून, म्हणजे प्रोटीनच्या बारीक तुकड्यांवरून, शुगरवाल्याची किडनी बिघडायच्या आधीच अंदाज काढतात, 1775 लोकांवर अभ्यास झाला, धोक्याच्या गटातल्या शंभरातले 28 पुढं सरकले आणि बाकीच्यांतले 9. मी ते मागत नाहीये साहेब, घाबरू नका. मी मागतेय ते जुनं, साधं आणि कुठल्याही खासगी लॅबमध्ये मिळणारं.

दवाखान्यात बोललं की म्हणतात मेडिकल कॉलेजला जा, तिथं होते. तिथं गेलं की ते खातं वेगळं, वैद्यकीय शिक्षण. 15 ऑगस्ट 2023 पासून सगळं फुकट केलं म्हणून जाहिराती केल्या, ते फक्त तुमच्या सार्वजनिक आरोग्य खात्यात, म्हणजे जिथं तपासणी फुकट तिथं किट नाही आणि जिथं किट आहे तिथं फुकट नाही. किडनीला कुठं माहिती असतं ती कुठल्या खात्यात येते. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहून ठेवलंय की 2025 पर्यंत सरकारी आरोग्य खर्च जीडीपीच्या अडीच टक्के आणि राज्यांनी 2020 पर्यंत आपल्या बजेटच्या आठ टक्क्यांवर न्यायचा. दोन्ही वर्षं येऊन गेली. देशात दहा कोटींवर शुगरचे पेशंट आहेत हे केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद, आयसीएमआर सांगतं, त्यातल्या तिनातल्या एकाची किडनी पुढं त्रास देणार असं धरतात, आणि तुमचे लोक प्रत्येक निवडणुकीला आमच्या दारात येऊन तब्येत विचारतात. तब्येत विचारू नका, एसीआर विचारा.

मागणं एवढंच. शुगर-बीपीच्या प्रत्येक पेशंटची वर्षातून एकदा, आणि ज्याचा तीनशेच्या वर आहे त्याची तीन-चार महिन्यांनी एसीआर तालुक्यातच करा, आकडा कार्डावर लिहा, म्हणजे पुढच्या डॉक्टरला कळेल गोळी तोडायची का वाढवायची. खारपाणपट्ट्यातल्या गावांसाठी त्या छोट्या प्रोटीनांची सोय जिल्ह्याला एका तरी लॅबमध्ये करा. आणि शिबिराचा तो फ्लेक्स उतरवा, त्यावर ‘मोफत किडनी तपासणी’ अजून तसंच आहे, लांबच्या वाडीतून म्हातारी माणसं ते वाचून येतात आणि खिडकीवरून परत जातात.

उत्तर पाठवणार असाल तर ‘आपले पत्र संबंधित विभागाकडे पुढील कार्यवाहीसाठी पाठवले आहे’ असलं छापील पाठवू नका, ते मला सासऱ्यांच्या वेळीही आलं होतं. किट कोणत्या तारखेला येणार तेवढं लिहा.

आपली,
खारपाणपट्ट्यातली एक मतदार