गणेश मंडपात रोज तासभर आवाज बंद ठेवावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणेशोत्सव तोंडावर आला असून सांगली-मिरजेतील मंडळांच्या बैठका सुरू झाल्या आहेत. वर्गणी, देखावा आणि मिरवणुकीचा मार्ग यांवर तेथे चर्चा होईलच. त्याच बैठकांत आणखी एक लहानसा विषय घेतला जावा, यासाठी हे पत्र.

माझा नऊ वर्षांचा नातू स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे. त्याला ऐकू उत्तम येते, किंबहुना आपल्याला जे आवाज जाणवतही नाहीत ते त्याला बोचतात. शेजारच्या घरात मिक्सर सुरू झाला तरी तो कानांवर हात ठेवून जिन्याखाली जाऊन बसतो. तहान लागली की ‘मला पाणी दे’ असे न म्हणता ‘तुला पाणी हवंय का?’ असे विचारतो, कारण पाणी मिळण्याआधी त्याने नेहमी हेच वाक्य ऐकलेले असते. घाबरला की एसटी स्टँडवरची ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे’ ही घोषणा हुबेहूब त्याच सुरात पुन्हा पुन्हा म्हणू लागतो. परक्या माणसाला त्याचे हसू येते. आम्हाला मात्र त्यावरून कळते की आता येथून निघायला हवे. (अशी मुले गणितात फार हुशार असतात ना, असे अनेक जण विचारतात. आमचा गणितात यथातथाच आहे.)

दोन वर्षांपूर्वी त्याला मी हौसेने मिरजेची विसर्जन मिरवणूक आणि स्वागत कमानी दाखवायला नेले, ही चूक माझीच. ध्वनिवर्धकांची भिंत समोर येताच तो रस्त्यात आडवा पडला आणि डोके जमिनीवर आपटू लागला. भोवती जमलेल्यांपैकी एकाने ‘दोन द्या ठेवून, आपोआप उठेल’ असे सुचवले, तर एका बाईंनी माझ्या सुनेकडे पाहून ‘आईनंच लाडावून ठेवलंय’ असा निकाल दिला. हट्ट करणारे मूल रडता रडता आपल्याकडे कोण पाहते आहे याचा अंदाज घेते आणि हवी ती वस्तू मिळाली की थांबते. माझ्या नातवाला त्या वेळी आपण कोठे आहोत याचेही भान नव्हते आणि त्याला कोणतीही वस्तू नको होती, फक्त तो आवाज थांबायला हवा होता. आईला दोष देण्याची खोड आपलीच आहे असेही नाही. डॉ. लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये अशा 11 मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, त्यानंतर कित्येक वर्षे पाश्चात्त्य तज्ज्ञही आईच्या कोरडेपणालाच कारण मानत होते. ती समजूत शास्त्राने केव्हाच मोडीत काढली. मेंदूची जडणघडणच मुळात वेगळी असते आणि तीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. आमच्या नात्यागोत्यात मात्र आईला दोष देणारी ती समजूत अजून शाबूत आहे.

दिव्यांगांविषयीच्या 1995 च्या कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखही नव्हता; 2016 च्या कायद्याने मान्य केलेल्या 21 प्रकारांत तिचा समावेश झाला. पण हे दिव्यांगत्व चेहऱ्यावर दिसत नाही आणि गर्दीत कोणी प्रमाणपत्र हातात धरून फिरत नाही. आवाजाचे म्हणाल, तर 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. सणाच्या काही दिवसांत रात्री 12 पर्यंत सवलत मिळते ती वेळेची, पातळीची नव्हे. हे नियम सर्वांना ठाऊक आहेत, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

गेल्या वर्षी आमच्या भागातील एका मंडळाच्या मुलांना मी हे सारे सांगितले आणि त्यांनी एक दिवस सायंकाळी 5 ते 6 ध्वनिक्षेपक बंद ठेवला, लुकलुकणाऱ्या माळाही स्थिर केल्या. नातू आत गेला आणि मूर्तीऐवजी आधी उंदराच्या कानाला बोट लावून बराच वेळ उभा राहिला. मग प्रसादाच्या ताटाशी जाऊन त्याने कार्यकर्त्याला विचारले, ‘तुला पेढा हवाय का?’ त्या मुलाने हसून ‘नको रे, मघाशीच खाल्ला’ असे उत्तर दिले. सूनबाईंनी उलगडा केल्यावर त्याने ओशाळून दोन पेढे त्याच्या हातावर ठेवले. त्या तासाभरात अशीच आणखी दोन मुले आली. ती आमच्याच भागातली असून आम्हाला एकमेकांची गंधवार्ता नव्हती.

प्रत्येक मंडळाने उत्सवात रोज असा एक तास ठेवावा, त्या वेळी ताशा आणि फटाके टाळावेत, आणि या मुलांना रांगेविना आत सोडण्यासाठी एक कार्यकर्ता प्रवेशद्वाराशी उभा करावा, एवढीच विनंती आहे. आरतीला किंवा रात्रीच्या कार्यक्रमाला त्याने बाधा येत नाही. ही वेळ कार्यक्रमपत्रिकेत छापली गेली, तर घरातून न निघणारे पालकही मुलांना घेऊन येतील. पत्रिका अजून छपाईला गेलेल्या नाहीत, म्हणून आताच लिहीत आहे.

आपला,
एक आजोबा, विश्रामबाग, सांगली