काळी बुरशी कोरोनासोबत गेली नाही

परवाच्या अंकात मधुमेहावरचा लेख वाचला, लेख चांगलाच आहे पण काळ्या बुरशीला त्यात 'कोरोनाकाळातला आजार' म्हणून एका ओळीत सोडून दिलं ते काही पटलं नाही. २०२१ च्या मे महिन्यात केंद्राने राज्यांना या रोगाची नोंद सक्तीची करायला सांगितली हे खरंय, पण त्याच्या आधीपासून आपल्या देशात म्युकरमायकोसिसचे, म्हणजे याच काळ्या बुरशीचे, पेशंट बरेचसे शुगर कंट्रोलमध्ये नसलेलेच असायचे, आणि अशी माणसं मराठवाड्यातल्या गावागावात आजही आहेत. ही बुरशी मातीत, कुजलेल्या पाल्यात असतेच, धडधाकट माणसाला सहसा काही करत नाही, पण शुगर खूप वाढली की पांढऱ्या पेशींचा जोर कमी होतो आणि ती नाकातून सायनस, डोळा, मेंदूपर्यंत काही दिवसांत पोचते. आपल्याकडे मात्र एका बाजूचा गाल सुजला, दात हलायला लागले की लोक दाढ समजून अंगावर काढतात, त्यात कुणी गुडघेदुखीसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या घेत असतं, त्यानं शुगर अजून वाढते. मग अँफोटेरिसिन हे बुरशीवरचं औषध आणि ऑपरेशन, कधी डोळाही काढावा लागतो. नाकातून काळपट स्राव, एकाचे दोन दिसणं, चेहरा बधिर होणं ही लक्षणं तुम्ही ठळक चौकटीत छापा, आणि ग्रामीण रुग्णालयात शुगरच्या पेशंटचं नाक-तोंड टॉर्च लावून बघायची सक्ती आरोग्य खात्यानं करावी.

- एक वाचक, परतूर (जि. जालना)